चिमणी आडवी का डोलते?

कृष्णाकाठाने कराडहून सांगलीकडे जाताना उसाच्या फडांमागे साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. उंच पोलादी चिमणीला भीती वादळाची, असे आपण धरून चालतो. वादळात ती वाऱ्याच्या दिशेने वाकते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. हा हिशोब सरळ आहे. पण साध्या वाऱ्यातही चिमणी कधी कधी वाऱ्याला आडवी डोलू लागते, ती का?

याचा धागा १८७८ सालचा. हवेतून वेगाने फिरवलेली तार का गुणगुणते, हे चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल तपासत होते. गोल वस्तूमागे डाव्या-उजव्या बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात. वाऱ्याच्या वेगाला व्यासाने भागून सुमारे ०.२ ने गुणले की त्यांची दर सेकंदाची आवर्तने मिळतात. आता २ मीटर व्यासाची, सेकंदाला एकदा डोलणारी चिमणी घेऊ. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात दोन्ही ताल जुळतात! झोक्याला वेळेवर धक्के मिळावेत तसे होते, आणि हे तासन्‌तास चालले की पायथ्याचे वेल्डिंगचे जोड थकून तडकू शकतात.

१९५०च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रूटन आणि वॉल्श यांनी चिमणीच्या वरच्या भागाभोवती मळसूत्री पट्ट्या बसवण्याचा उपाय काढला. त्यामुळे सगळ्या उंचीवर भोवरे एका तालात सुटत नाहीत. मात्र पट्ट्यांनी वाऱ्याचा दाबही वाढतो, चिमणी वादळात अधिक वाकते. त्या हिशोबाने पत्रा जाड घ्यावा लागतो.