वाद जिंकला, पण माणूस? साताऱ्याच्या टिळकांची गोष्ट

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या हॉस्टेलची रात्र डोळ्यांसमोर आणा. मेसमधून परत आल्यावर रूममेट सहज विचारतो, "ए, तुम्ही लोक येशूला देव का मानता रे?" चर्चमध्ये लहानपणापासून जाणारा पोरगा गप्प. गाणी पाठ आहेत, वचनं पाठ आहेत, पण स्वतःच्या शब्दांत सांगायचं म्हटलं की जीभ अडते. मग एक तर तो विषय बदलतो, नाही तर भांडायला उठतो.

हा प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षं जुना आहे. 1831 साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. पुढे दोघांनीही आपापली बाजू मांडणारी पुस्तकं छापली. 1857 मध्ये तर समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर बसायचे, ऐकायला गर्दी. जानेवारीत सुरू झालेलं हे प्रकरण मे महिन्यापर्यंत चाललं. आज यूट्यूबवर असतं तर व्ह्यूज किती मिळाले असते, विचार करा!

पण अशा वादांतून किती जणांचं मन वळलं? माझं मत विचाराल तर फारच थोड्यांचं. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचं उदाहरण वेगळं आहे. काशीतला हा मराठी पंडित ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाला, त्यावर संस्कृतात लिहिलंही, आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. मात्र समोरच्याचं पुस्तक शब्दन् शब्द वाचायची तयारी असलेले गोऱ्हे दुर्मिळच.

आता साताऱ्याकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं 1849 पासून होतं. पण आपली गोष्ट 1917 ची आहे. त्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा. त्या काळी चर्चमधल्या अनेकांना हे पचलं नसणार, उघड आहे!

टिळकांचं दुखणं साधं होतं. आपला विश्वास आपल्याला मराठीत सांगता येत नाही. गाणं इंग्रजी चालीवर, प्रवचन भाषांतरासारखं. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनाची वाट धरली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगायचे. ऐकणाऱ्याला आधी आपली भाषा ऐकू यायची, मग वेगळेपण.

इकडे सांगलीत डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये आले होते, आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तिथं उत्तर बोलण्यातून कमी आणि ऑपरेशनच्या टेबलावर जास्त मिळायचं.

पण या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग टिळकांच्या घरातच आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई हादरल्या. नवराबायको काही वर्षं दूर राहिले. मराठीतला एवढा मोठा वक्ता, पण बायकोसमोर त्याचा एकही युक्तिवाद चालला नाही! लक्ष्मीबाई बदलल्या त्या हळूहळू, सोवळंओवळं आणि जात यांबद्दल स्वतःशीच विचार करत. सगळी माणसं देवानंच केली असतील तर कुणाच्या हातचं पाणी का चालू नये, इथपर्यंत त्या आपल्या आपण पोचल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक 1919 मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, ते पुढं लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं! आणि 'स्मृतिचित्रे'मध्ये आपण का बदललो ते सांगितलं. त्यात धर्मशास्त्राचा तास नाही. स्वयंपाकघर आहे, भांडणं आहेत, नवऱ्याची फजिती आहे, स्वतःवरचं हसू आहे. सनातनी घरातला वाचकही ते पुस्तक खाली ठेवत नाही.

तेव्हा हॉस्टेलमधल्या त्या पोराला माझं सांगणं एवढंच: उद्या रूममेटनं परत विचारलं, तर आधी त्याच्या घरी देव्हाऱ्यात काय आहे ते विचार, नीट ऐक, आणि मग तुझ्या आजीची गोष्ट सांग. ती का प्रार्थना करायची ते तुला ठाऊक नसेल, तर सुट्टीत गावी गेल्यावर तिलाच विचार. रेकॉर्डिंग चालू ठेव.