ब्रॅकेटची पकड

ब्रॅकेटची पकड (दंतवैद्यक) : वाकडे दात सरळ करताना दातावर चिकटवलेला ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) उपचार संपेपर्यंत जागेवर टिकण्याची क्षमता. हा उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो. तेवढा काळ तारेची ओढ, चावण्याचा दाब आणि तोंडातला ओलावा या पकडीने सोसायचा असतो. शेवटी मात्र दाताला इजा न होता ती सुटलीही पाहिजे. खरे कौशल्य या दुसऱ्या अटीत आहे.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केल्यास अॅक्रिलिक त्याला घट्ट धरते, हे दाखवले. रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर असे आम्ल लावत. कल्पना तिथून सुचली. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी इपॉक्सीने ब्रॅकेट दातावर चिकटवण्याची पद्धत मांडली.

आज सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात. त्याने दंतवल्कात (एनॅमलमध्ये) सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ रेझिन (चिकटवणारे प्लास्टिकसारखे द्रव्य) त्यांत शिरून प्रकाशाने कडक होते आणि अडकून बसते. आम्ल धुऊन दात कोरडा केल्यावर लाळेचा थेंब जरी लागला, तरी ही छिद्रे झाकली जातात. मागच्या दाढा कोरड्या ठेवणे कठीण आणि त्यांच्यावर चावण्याचा जोरही अधिक, म्हणून तिथले ब्रॅकेट जास्त निघतात. चिक्की, फुटाणे किंवा ऊस दातांनी तोडणे रुग्णाने टाळलेच पाहिजे.

चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिस झालेल्या दंतवल्काचा बाहेरचा थर आम्लाला दाद देत नाही. अशा दातांवर पकड कच्ची राहण्याचा धोका असतो.

पकड किती हवी, याबाबत संशोधक रेनॉल्ड्स यांनी १९७५ मध्ये ५.९ ते ७.८ मेगापास्कल एवढी पकड पुरेशी मानली. ब्रॅकेटचा तळ १० चौरस मिलिमीटर धरला, तर ही सहा ते आठ किलो वजनाची ओढ होते. याहून फार घट्ट पकड हितकारक नसते. सुरुवातीच्या काही सिरॅमिक ब्रॅकेटची रासायनिक पकड इतकी चिवट होती की काढताना दंतवल्काचेच टवके उडत. म्हणून पकड दंतवल्कापाशी न सुटता ब्रॅकेटपाशी सुटावी आणि रेझिन दातावरच राहावे, हे चांगले. ते नंतर बारीक बरने (दंतवैद्याच्या फिरत्या घासणीने) हळूहळू घासून काढता येते.