शेवटच्या फलाटावरची माणसे

पनवेलला माणसे कित्येक शतके उतरत आली आहेत. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात पाय ठेवी आणि तिथून पालखीने, घोड्यावर किंवा पायी घाटाची वाट धरी. १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि या बंदराची वर्दळ आणखी वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. पण १८६३ मध्ये घाट चढून गेलेली आगगाडी कल्याण-कर्जतच्या वाटेने गेली आणि पनवेल आडबाजूला पडले.

ते पुन्हा वाटेवर यायला शंभर वर्षे लागली. १९६० च्या दशकात दिव्याहून लोहमार्ग आला. १९९२ मध्ये लोकल मानखुर्दहून खाडीपलीकडे वाशीला पोहोचली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि त्याच वर्षी हार्बरची लोकलही पनवेलपर्यंत धावू लागली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेली गाडी सुमारे ऐंशी मिनिटांनी इथे रिकामी होते. कोकण, गोवा आणि केरळकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच स्टेशनातून जातात. दोन्हीकडून येणारा प्रवासी आपापल्या घरी जातो. ज्याला घर नाही, किंवा घराचा पत्ता आठवत नाही, तो मात्र इथेच राहतो.

अशा माणसाशी पोलिसांनी कसे वागायचे, याचे कायदे स्टेशनाहून जुने आहेत आणि त्यांतले काही मुंबईच्या अनुभवातून घडले. १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांनी माटुंग्यात बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान काढले. आज वडाळ्यातले कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८९८ च्या कायद्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९१२ च्या ‘लुनसी ॲक्ट’ने भटकणाऱ्या मनोरुग्णाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याची सोय केली. १९४५ मध्ये मुंबई प्रांताचा भिकारी कायदा आला. त्याची जागा १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने घेतली, आणि तो महाराष्ट्रात अजूनही लागू आहे.

या १९५९ च्या कायद्यातली ‘भीक मागणे’ याची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. हात पसरणारा तर तिच्यात येतोच. गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, जखम दाखवणाराही येतो. आणि उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने भटकणारा किंवा थांबणाराही येतो, की त्याचे पोट भिकेवरच चालत असावे असे वाटावे. म्हणजे कुणाकडे एक पैसा न मागता नुसता फलाटावर बसून राहिलेला माणूसही या कायद्याखाली उचलला जाऊ शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. पुन्हा पुन्हा सापडल्यास हा काळ दहा वर्षांपर्यंत जातो. मुंबई परिसरात उचललेल्यांची रवानगी चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात होते.

रेल्वेच्या हद्दीत याला आणखी एक कायदा जोडला जातो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४४ नुसार डब्यात किंवा स्टेशनात भीक मागणे हा २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. कलम १४७ विनापरवाना हद्दीत शिरणाऱ्यासाठी आहे. ही कलमे राबवणारे गणवेशही दोन. लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे. चोरी, मारहाण, अपघाती मृत्यू यांची नोंद आणि तपास त्यांच्याकडे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. जुन्या ‘वॉच अँड वॉर्ड’मधून वाढलेल्या या दलाला १९५७ मध्ये स्वतःचा कायदा मिळाला, तो मुख्यतः रेल्वेची मालमत्ता राखण्यासाठी. २००३ च्या दुरुस्तीनंतर भीक, विनापरवाना विक्री, हद्दीत शिरणे यांसारख्या गुन्ह्यांवर कारवाईचे अधिकारही या दलाकडे आले. पनवेलच्या फलाटावर दोन्ही गणवेश दिसतात. बाकड्यावर झोपलेल्या माणसाला मात्र त्यांतला फरक ठाऊक नसतो. आपल्याला उठवून पुढे हाकलले जाते, एवढेच त्याला कळते.

रात्री एकट्याने उतरणारी नोकरदार स्त्री फलाटावर पडलेल्या अनोळखी पुरुषाला पाहून बिचकते, आणि तिची भीती खोटी म्हणता येत नाही. तिला सुरक्षित वाटले पाहिजे, हे पोलिसांचे कामच आहे. पण उघड्यावर झोपणारा माणूस स्वतःही तितकाच असुरक्षित असतो. त्याची पिशवी चोरीला जाते, त्याला मारहाण होते, बाईमाणूस असेल तर त्याहून वाईट घडते, आणि तक्रार लिहायला बसले की पहिला प्रश्न पत्त्याचा येतो. त्याला एका स्टेशनावरून उठवले की तो पुढच्या स्टेशनावर जातो. मार्ग जिथे संपतो तिथे पुढचे स्टेशनही उरत नाही.

पनवेलचे वेगळेपण इथे सुरू होते. ज्यांना शहराने दूर सारले त्यांना जागा देणाऱ्या संस्था याच पट्ट्यात उभ्या राहिल्या. १९५१ मध्ये कुष्ठरोग निवारण समितीने पनवेलजवळच्या नेरे गावी शांतिवन वसवले. १८९८ च्या कायद्याने ज्यांना पकडायला सांगितले होते, त्यांच्यावर इथे उपचार झाले आणि त्यांच्या हाताला काम मिळाले. त्याच नेरे परिसरात, वांगणीला, १९९९ पासून पास्टर के. एम. फिलिप यांचा सील आश्रम आहे. मुंबईच्या रस्त्यांवर आणि रेल्वे स्टेशनांवर जखमा चिघळलेल्या, अन्नावाचून पडलेल्या माणसांना तिथे आणतात, धुऊनपुसून औषधपाणी करतात आणि घरचा माग लागला की घरी पोहोचवतात.

कर्जतच्या बाजूचे काम भरत वाटवानी यांचे. १९८८ च्या सुमारास डॉ. भरत आणि डॉ. स्मिता या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले. उपचारांनी तो बोलू लागला, तेव्हा कळले की तो विज्ञानाचा पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या कामाची पदविकाही त्याच्याकडे आहे. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभे राहिले आणि २००६ मध्ये त्याचे केंद्र कर्जतला सुरू झाले. रस्त्यावरून आणलेले हजारो मनोरुग्ण तिथून देशभरातल्या आपल्या घरी परतले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला सगळे ‘वेडा भिकारी’ म्हणून ओलांडून जात होते त्याला गाव होते, भाषा होती, वाट पाहणारी माणसे होती, हे या कामाने दाखवून दिले.

कायद्याला तिथवर यायला वेळ लागला, पण तो आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० प्रत्येक ठाणे अंमलदाराने पाठ करावे असे आहे. हद्दीत भटकणारा माणूस मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे वाटले, तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरले. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचे. कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. तो बेघर असेल तर ठाण्यात हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. १९१२ मध्ये जो पकडून उभा करायचा होता, त्याच्याच नावाने आता ‘मिसिंग’ दाखल करायची आहे.

न्यायालयेही याच दिशेने सरकली. दिल्लीला लागू केलेल्या मुंबईच्या भीक कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. माणूस भीक मागतो ते दारिद्र्यामुळे, हे त्यामागचे कारण. ज्या राज्यात हा कायदा जन्मला तिथे मात्र तो पुस्तकात अजूनही आहे. त्यामुळे पनवेलच्या फलाटावरचा पोलीस एकाच माणसाला १९५९ च्या कायद्याने आरोपी करू शकतो आणि २०१७ च्या कायद्याने रुग्ण म्हणून सांभाळू शकतो. दुसरी वाट अवघड आहे, कारण तिच्यात रुग्णालयातली खाट, दुभाष्या, गावाकडच्या ठाण्याला केलेला फोन आणि रात्र काढायला छप्पर, एवढे सगळे लागते.

यातले छप्पर देणे महापालिकेच्या हातात आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असलेला कायमचा निवारा असावा. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. त्या हिशेबाने पाच निवारे आणि पाचशे जागा होतात, आणि त्यानंतर शहर कितीतरी वाढले आहे. त्यांतला एक निवारा स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा आणि शेवटची लोकल येऊन गेल्यावरही त्याचे दार उघडे असावे. मग रात्रपाळीच्या हवालदाराने कुणाला बाकड्यावरून उठवले, तर त्याला कुठे घेऊन जायचे हे त्याला ठाऊक असेल.