लोपितालचा नियम नेमका कोणाचा?

१/ (क्ष² − १) ÷ (क्ष − १) या राशीत क्ष = १ घातल्यास अंश शून्य होतो आणि छेदही शून्य. शून्य भागिले शून्य म्हणजे किती? गणितात यास ‘अनिर्धार्य रूप’ म्हणतात.

२/ उपाय सोपा आहे. अंश व छेद यांचे स्वतंत्र विकलन करावे, मग किंमत घालावी. येथे अंशाचे २क्ष, छेदाचे १. म्हणून सीमा २. हा ‘लोपितालचा नियम’. मात्र तो लोपितालने शोधलेला नव्हता.

३/ १६९१ मध्ये चोवीस वर्षांचा योहान बर्नुली स्वित्झर्लंडमधून पॅरिसला आला. लायब्निट्सचे नवे कलनगणित समजणारे तेव्हा युरोपात मोजकेच होते. मार्की द लोपिताल या सरदाराने मानधन देऊन त्याच्याकडे शिकवणी घेतली.

४/ १७ मार्च १६९४ रोजी लोपितालने पत्रातून प्रस्ताव मांडला : वर्षाला ३०० लिव्र. मोबदल्यात बर्नुलीने विचारलेले प्रश्न सोडवावेत, नवे शोध कळवावेत आणि ते इतर कोणाला सांगू नयेत. स्थिर पद नसलेल्या बर्नुलीने ते मान्य केले. २२ जुलैच्या पत्रातून हा नियम लोपितालकडे गेला.

५/ १६९६ मध्ये लोपितालचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विकलनाचे हे पहिले छापील पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत त्याने लायब्निट्स व बर्नुली बंधूंचे ऋण मान्य केले. त्यांनी हवे ते आपले म्हणावे, असेही लिहिले. कोणता शोध कोणाचा, हे मात्र सांगितले नाही.

६/ १७०४ मध्ये लोपिताल वारला आणि बर्नुलीने नियमावर जाहीर हक्क सांगितला. अनेकांना तो पटला नाही. पुढे त्याची पतही घसरली : मुलगा डॅनिएल याचा द्रवगतिकीवरील ग्रंथ १७३८ मध्ये आला, तेव्हा स्वतःचे काम आधीचे ठरावे म्हणून बापाने आपल्या ग्रंथावर १७३२ हे साल घातले.

७/ तरीही या एका बाबतीत तो खरे बोलत होता. १९२२ मध्ये त्याच्या व्याख्यानांचे हस्तलिखित छापले गेले. लोपितालच्या ग्रंथाशी त्याचे साम्य उघड होते. १९५५ मध्ये पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आणि नियमाचे जनकत्वही ठरले.

८/ लोपितालने चोरी केली नव्हती. त्याने रीतसर किंमत मोजली होती. बर्नुलीनेही राजीखुशीने शोध विकला होता. दावेदाराच्या स्वभावावरून दावा खोटा ठरवणाऱ्यांना मात्र अडीचशे वर्षांनी एका जुन्या पत्राने उत्तर दिले.