चौदा एप्रिल : विस्मृतीच्या राखेतून

दरवर्षी १४ एप्रिल उजाडला की राजधानीतील अग्निशमन केंद्रांवर संचलन होते आणि गणवेशधारी जवान क्षणभर मान लवून उभे राहतात. सरकारी सेवेच्या निमित्ताने दिल्लीस येऊन आम्हांस बराच काळ लोटला. परंतु हा दिवस कोणाच्या स्मरणार्थ, हे जाणून घेण्याची बुद्धी आम्हांस फार उशिरा झाली. शेजारच्या एका बंगाली मुलाने तो प्रश्न विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो. ज्या घटनेचा हा स्मृतिदिन, ती आपल्याच मुंबईत घडलेली!

मग रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन मुंबईस गेलो असता एका संग्रहालयाच्या ग्रंथालयात सलग काही दिवस बसलो. प्रथम सूचिपत्रात 'आग' पाहिले. हाती काही लागले नाही. तेथील वयोवृद्ध ग्रंथपालांनी सांगितले, "साहेब, आगीखाली शोधू नका. बंदर, पोलीस आणि नगरपालिका या मथळ्यांखाली पाहा." वाट सापडली ती तेथूनच. मुंबईचे अग्निशमन दल १८५५ साली सुरू झाले ते पोलीस खात्याच्या आधिपत्याखाली, आणि १८८७ साली ते नगरपालिकेकडे आले. त्यामुळे त्याची कागदपत्रेही विखुरलेली असावीत, यात नवल नाही.

१९४४ च्या एप्रिलमधील वृत्तपत्रे चाळताना आम्ही बुचकळ्यात पडलो. एवढा प्रलय, आणि बातमी नाही! कारण उघड होते. महायुद्ध चालू होते आणि सेन्सॉरने वृत्त रोखून धरले होते. पानांवरील ते मौन हाच आमच्या दृष्टीने पहिला पुरावा ठरला.

तुकडे जुळवता चित्र उभे राहिले ते असे. 'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनांचे जहाज १२ एप्रिल रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीस चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या. १४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर दिसला. धोक्याचे लाल निशाण जहाजावर चढलेच नाही. बंबांनी सुमारे ९०० टन पाणी ओतले. परंतु आगीचे मूळ सापडेना, जहाज हलवण्याचा निर्णय होईना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. पेटलेल्या गासड्या वस्तीवर कोसळल्या. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले, आणि ढिगारे उपसण्याचे काम कित्येक महिने चालले.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. सोन्याच्या विटांची कथा सर्वांच्या तोंडी आहे. गाळ उपसताना पुढे अनेक वर्षे त्या सापडत राहिल्या. नळी हातात धरून जे उभे राहिले, त्यांची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहेत? आम्हांसही नव्हती, हे लज्जेने कबूल करतो.

दिल्लीस परतल्यावर एक विचार मनास टोचत राहिला. २६ एप्रिल २०१६ रोजी मंडी हाऊसजवळील राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. १९७८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात आमची मुले बोट धरून हिंडली होती. आगीचा इतिहास जेथे जपायचा, ती संग्रहालयेही आगीपासून सुरक्षित नाहीत!

असो. मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. प्रारंभीची इतिवृत्ते, गणेशोत्सवाच्या पत्रिका, छायाचित्रे आज सभासदांच्या माळ्यांवर व ट्रंकांत विखुरलेली आहेत. ती एकत्र करावीत, त्यांच्या प्रती निराळ्या जागी ठेवाव्यात, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. आणि येत्या १४ एप्रिल रोजी जवळच्या अग्निशमन केंद्रासमोरून जाताना मुलांचे बोट धरून क्षणभर थांबावे. "हे कोणासाठी?" असे त्यांनी विचारले, तर आता आपण निरुत्तर होणार नाही.