टाळता येणारी लढाई

व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला 'बॉस' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. न खेळणाऱ्यांसाठी सांगायचे तर, खेळाच्या एखाद्या टप्प्याच्या अखेरीस वाट अडवून उभा असलेला बलाढ्य प्रतिस्पर्धी म्हणजे बॉस. वाटेत भेटणाऱ्या किरकोळ शत्रूंपेक्षा तो कितीतरी चिवट असतो, त्याच्या हल्ल्यांची स्वतःची अशी पद्धत असते आणि त्याला हरविल्याखेरीज पुढचा टप्पा उघडत नाही. मात्र गेल्या तीन दशकांत या खेळांमध्ये बॉसचा आणखी एक प्रकार रुजला आहे. तो कुणाचीही वाट अडवीत नाही. मुख्य रस्ता सोडून दूर कुठेतरी, समुद्राच्या तळाशी, वाळवंटात किंवा एखाद्या विस्मृत मंदिरात त्याचा मुक्काम असतो. त्याच्याशी न लढताही कथा पूर्ण होते, शेवट पाहायला मिळतो. तरीही अनेकदा साऱ्या खेळातील सर्वांत कठीण शत्रू तोच असतो. इंग्रजीत अशा ऐच्छिक प्रतिस्पर्ध्याला 'सुपरबॉस' म्हणतात, तर जपानी खेळाडू त्याला 'उरा-बोसु', म्हणजे मागच्या बाजूचा, पडद्याआडचा बॉस असे म्हणतात.

ज्या लढाईवाचून काहीही अडत नाही, तीच जिंकण्यासाठी खेळाडू रात्रीच्या रात्री का घालवितात, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. माणूस खेळतो कशासाठी, या जुन्या प्रश्नाचेच ते एक नवे रूप आहे.

पहारेकऱ्यापासून गुपितापर्यंत

अमेरिकेतील 'प्लेटो' या संगणक-जाळ्यावर १९७५ च्या सुमारास चालणाऱ्या 'डीएनडी' या खेळात एका मौल्यवान गोलकाची राखण करणारा सोनेरी ड्रॅगन होता. व्हिडिओ गेममधील पहिला बॉस म्हणून बहुधा त्याचाच उल्लेख केला जातो. पुढे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांचा काळ आला. तेथे बॉसचे काम पहारेकऱ्याचे होते. तो हरवी, खेळाडू पुन्हा नाणे टाकी आणि यंत्राच्या मालकाची मिळकत चालू राही. अशा व्यवहारात टाळता येणाऱ्या शत्रूला फारसे स्थान नव्हते.

तरीही गुपिताचा मोह याच यंत्रांवर प्रथम जोरात फोफावला. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये 'रेप्टाइल' नावाचा एक छुपा योद्धा होता. त्याची गाठ पडण्यासाठी एका विशिष्ट पुलावर, चंद्रासमोरून सावल्या सरकत असताना, स्वतःला एकही ओरखडा न लागू देता, बचावाचे बटण एकदाही न दाबता दोन्ही फेऱ्या जिंकाव्या लागत आणि प्रतिस्पर्ध्याचा शेवट ठरावीक पद्धतीने करावा लागे. एवढ्या अटी योगायोगाने पुऱ्या होणे जवळजवळ अशक्यच. त्यामुळे रेप्टाइलला भेटलेला खेळाडू त्या यंत्राभोवतीच्या घोळक्यात काही काळ दंतकथेचा विषय होई. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने 'स्ट्रीट फायटर २' या खेळात 'शेंग लाँग' नावाचा गुप्त गुरू लपला असल्याची थाप मारली. ती एप्रिल फूलची गंमत होती; पण असंख्य खेळाडूंनी नसलेल्या शत्रूच्या शोधात नाणी खर्च केली. १९९४ मध्ये त्याच मालिकेत 'अकुमा' हा गुप्त प्रतिस्पर्धी खरोखरच अवतरला. ज्याच्याशी लढण्याची सक्ती नाही असा शत्रू लोकांना हवा होता, हे तोवर पुरेसे सिद्ध झाले होते.

संपत्ती जेव्हा ओझे होते

या कल्पनेला ठाशीव रूप दिले ते जपानी भूमिका-खेळांनी. 'स्क्वेअर' या कंपनीच्या १९९२ च्या 'फायनल फँटसी ५' या खेळात अखेरच्या भुयारात दोन शत्रू ठेवलेले होते. 'ओमेगा' हे यंत्र इकडून तिकडे फिरत असे. त्याला चुकवून पुढे जाता येई. 'शिनर्यू' हा ड्रॅगन एका पेटीत दडलेला होता. पेटी उघडली नाही तर त्याची भेटच होत नसे. कथेच्या खलनायकापेक्षा हे दोघेही अवघड होते. त्यांतही ओमेगाला हरविल्याचे बक्षीस मोठे मार्मिक होते. खेळाडूला मिळे एक बिल्ला. तो अंगावर चढविता येत नसे, त्याने सामर्थ्य वाढत नसे. ओमेगाला हरविल्याचा पुरावा, एवढेच त्याचे मोल.

याच मालिकेतील १९९७ चा 'फायनल फँटसी ७' जगभर गाजला. त्याच्या मूळ जपानी आवृत्तीत नसलेले दोन शत्रू अमेरिकेतील आवृत्तीत नव्याने घालण्यात आले : समुद्राच्या तळाशी फिरणारे 'एमरल्ड वेपन' आणि वाळवंटात दडलेले 'रुबी वेपन'. प्रहार सोसण्याची क्षमता या खेळांत 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. एमरल्डची क्षमता दहा लाख, तर रुबीची आठ लाख होती. पाण्याखाली श्वास घेण्याची विशेष सोय केली नसेल, तर एमरल्डशी लढण्यास अवघी २० मिनिटे मिळत.

परंतु या लढतींचे वैशिष्ट्य केवळ आकड्यांत नव्हते. या खेळात 'मटेरिया' नावाचे मंतरलेले खडे शस्त्रांत बसवून पात्रे बलवान केली जातात आणि पन्नासेक तास खेळाडू हेच खडे जमवीत असतो. एमरल्डचा एक हल्ला मात्र पात्राने बाळगलेल्या प्रत्येक खड्यामागे १,१११ इतकी इजा करी. नऊ खडे बसविलेले पात्र जागीच कोसळे. म्हणजे जमविलेली संपत्तीच जिवावर उठे आणि काय उतरवून ठेवायचे याचा विचार करावा लागे. रुबीची तऱ्हा आणखी निराळी. तीन साथीदार धडधाकट उभे असतील, तर ती त्यांतील दोघांना वाळूच्या भोवऱ्यात रणांगणाबाहेर फेकून देई. म्हणून जाणकार खेळाडू दोन साथीदारांना आधीच मूर्च्छित अवस्थेत घेऊन जात आणि लढाई रंगात आल्यावर त्यांना शुद्धीवर आणीत. खेळाने आजवर शिकविलेले शहाणपण येथे उलटे करून वापरावे लागे.

ऐच्छिक बॉसचे मर्म या उदाहरणातून नेमके कळते. वाटेवरचा बॉस रचताना खेळ घडविणाऱ्याला सर्वसाधारण खेळाडूचा विचार करावा लागतो. कारण तो फारच अवघड झाला तर विकत घेतलेल्या खेळाचा उरलेला भाग कित्येकांना पाहताच येणार नाही. बाजूच्या बॉसवर असे बंधन नसते. तेथे रचनाकार आपल्या नियमांना अखेरच्या टोकापर्यंत ताणू शकतो. कथा सर्वांसाठी खुली राहते आणि कसोटी मागणाऱ्यालाच मिळते.

निवड आपली, म्हणून अपयशही आपले

'द ग्रासहॉपर' हा ग्रंथ १९७८ मध्ये लिहिणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी खेळाची व्याख्या करताना एका गोष्टीवर भर दिला होता. खेळणारा माणूस ज्यांची गरज नाही असे अडथळे आपखुशीने स्वीकारतो. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकणे सर्वांत सोपे; पण मग गोल्फ उरत नाही. या व्याख्येच्या कसोटीवर ऐच्छिक बॉस हा खेळाच्या आतला खेळ ठरतो. आपल्याकडे भर दरबारात पैजेचा विडा ठेवला जात असे, तो उचलण्याची कोणावर सक्ती नसे. म्हणूनच तो उचलणाऱ्याला मान होता.

मानसशास्त्रही याला दुजोरा देते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकीचे नाते या माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा आहेत. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच सिद्धान्त व्हिडिओ गेमना लावून पाहिला, तेव्हा खेळातील आनंदाचा संबंध स्वायत्ततेच्या आणि सक्षमतेच्या अनुभवाशी असल्याचे त्यांना आढळले. सक्तीच्या बॉसपाशी अडकलेल्या खेळाडूला सक्षमता तर जाणवत नाहीच, शिवाय निघून जाण्याची मुभाही नसते. ऐच्छिक बॉसपाशी तो शंभर वेळा हरला, तरी शंभर वेळा स्वतःहून परत आलेला असतो. खेळांचे डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी 'द आर्ट ऑफ फेल्युअर' या २०१३ च्या पुस्तकात ज्या विरोधाभासाची चर्चा केली आहे, तो हाच. एरवी अपयश टाळणारा माणूस खेळात मात्र ते शोधत जातो.

२०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग' या जपानी खेळात हे तत्त्व पहिल्याच वळणावर शिकविले जाते. नवखा खेळाडू भुयारातून बाहेर मोकळ्या माळावर येतो, तर समोर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालीत असतो. सवयीने जो त्याच्यावर चालून जातो, तो क्षणार्धात मारला जातो. दोन-चारदा असे झाल्यावर लक्षात येते, की त्याला वळसा घालून जाता येते. पुढे खेळाडूला घोडा मिळतो, हात बसतो आणि एके दिवशी तो त्याच माळावर परततो. घोडेस्वार बदललेला नसतो. बदललेला असतो खेळाडू. आपण किती पुढे आलो हे मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

याच खेळाच्या दुसऱ्या टोकाला 'मलेनिया' आहे. एका गुप्त पदकाचे दोन तुकडे शोधून जोडल्यावरच तिच्या प्रदेशाची वाट उघडते. तिचा प्रत्येक वार लागला, इतकेच नव्हे तर ढालीवर झेलला, तरी तिची जखम भरून येते. त्यामुळे ढालीआड दडून बसण्याचा नेहमीचा मार्ग येथे निरुपयोगी ठरतो. ती प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच एका खेळाडूची ख्याती पसरली. डोक्यावर मडके, अंगावर जवळजवळ वस्त्र नाही आणि हातात दोन तलवारी, अशा वेशात तो परक्यांच्या हाकेला धावून जाई आणि त्यांच्या वतीने मलेनियाशी एकट्याने लढे. 'मला एकट्याला लढू द्या' अशा अर्थाचे नाव त्याने घेतले होते. खेळाच्या प्रकाशक कंपनीने त्याला खरीखुरी तलवार भेट दिली. जी लढाई टाळता येते ती शेकडो अनोळखी लोकांसाठी पुन्हा पुन्हा लढणे, यात डेसी-रायन यांची तिसरी गरज, आपुलकीचे नाते, आपोआप पुरी होत होती.

नकाराचाही मान

काही रचनाकार याही पुढे गेले. ऑस्ट्रेलियातील 'टीम चेरी' या छोट्या चमूच्या 'हॉलो नाइट' या २०१७ च्या खेळात 'ग्रिम' नावाचा एक फिरत्या मंडळीचा नायक येतो, तोही खेळाडूने स्वतः कंदील पेटवून बोलावले तरच. पुढे त्याच्या दुःस्वप्नरूपाशी होणारी लढत अत्यंत अवघड आहे. पण मंडळीतल्याच एका वादकाचे ऐकून खेळाडू तो विधी मोडू शकतो. मग मंडळी निघून जाते, लढत होत नाही आणि त्याबद्दल वेगळी भेट मिळते. येथे नकार हा पराभव ठरत नाही, तो कथेचाच एक शेवट होतो.

टोबी फॉक्स यांच्या २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये तर प्रश्नच खेळाडूकडे वळविला आहे. 'सॅन्स' या सांगाड्याशी लढत होते ती वाटेतल्या सर्वांना शोधून शोधून ठार मारणाऱ्याशीच. तो खेळाडूला खेळ सोडून देण्याचे सुचवितो. केवळ करता येते म्हणून एखादी गोष्ट करावी का, असा त्याचा रोख आहे.

ऐच्छिक केव्हा उरत नाही?

या प्रकारात उणिवाही आहेत. अवघड याचा अर्थ लांबलचक असा घेतला, की कसोटीचे कंटाळ्यात रूपांतर होते. २००६ च्या 'फायनल फँटसी १२'मधील 'यिआझमॅट' या ड्रॅगनची क्षमता पाच कोटींहून अधिक होती. लढाई अर्धवट सोडून, खेळ साठवून पुन्हा परतण्याची सोय होती, ती त्यामुळेच. अशा ठिकाणी कौशल्यापेक्षा सहनशीलता मोजली जाते.

दुसरी उणीव बाहेरून आली. 'एक्सबॉक्स ३६०'ने २००५ मध्ये आणि 'प्लेस्टेशन ३'ने २००८ मध्ये खेळाडूंच्या कामगिरीची पदके सर्वांना दिसतील अशी मांडली. तेव्हापासून ऐच्छिक लढत अनेकांसाठी पूर्ण करायच्या यादीतली एक ओळ झाली. खेळाने सक्ती केली नाही, ती रिकाम्या चौकटीने केली. 'हॉलो नाइट'च्याच २०१८ च्या पुरवणीत ४२ बॉसशी लागोपाठ लढल्याशिवाय न दिसणारा एक शेवट आहे. असा शेवट ज्याला पाहायचाच आहे, त्याच्या दृष्टीने ती मालिका कितपत ऐच्छिक राहते?

म्हणून ऐच्छिक बॉसची खरी परीक्षा त्याच्या ताकदीवर होत नाही. त्याच्याकडे पाठ फिरविणाऱ्याचे काय होते, यावर होते. कामावरून थकून येऊन तासभर खेळणाऱ्याला कथा पूर्ण मिळाली, त्याच्या हातून काही हिरावले गेले नाही, तरच वाकडी वाट करून जाणाऱ्याचे पाऊल त्याचे स्वतःचे ठरते. ओमेगाच्या निरुपयोगी बिल्ल्याचे शहाणपण हेच होते. त्या बिल्ल्याने काहीच मिळत नसे, म्हणून न लढणाऱ्याचे काही बुडत नसे. आणि लढणाऱ्यापाशी मात्र एक गोष्ट राही, जी त्याच्याकडून कोणी मागितली नव्हती.