आपण सारे उपरी

"बाई, तुम्ही इतिहासाच्या. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा," असं संपादक मंडळाने सांगितलं आणि मी हो म्हणून बसले. मग इतिवृत्ताच्या वह्या उघडल्या. नोंदणीची तारीख, पहिल्या कमिटीची नावे, पाण्याची टाकी, रंगकाम, लिफ्टची भानगड. हे सगळे सचिवांच्या अहवालात येणारच आहे. मला वेगळाच प्रश्न पडला. आपण बत्तीस कुटुंबे इथे आलो ती कुठून? आणि मुलंबाळं घेऊन इथेच का आलो?

मी सभासदांची जुनी यादी घेऊन दारोदार फिरले. संस्थापक सभासदांपैकी बारामतीत जन्मलेले निघाले फक्त चार. बाकी कुणी इंदापूरचे, कुणी दौंडचे, कुणी फलटण-माळशिरसकडचे, दोन घरे सोलापूरची, एक थेट नांदेडचे. म्हणजे बारामतीकर म्हणून रौप्यमहोत्सव साजरा करणारे आपण बहुतेक बाहेरचेच.

शाळेत मी मुलांना मराठेशाहीतली गावगाड्याची व्यवस्था शिकवायचे. त्यात दोन शब्द यायचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे पिढीजात जमिनीचा हक्क असलेला. गावच्या पांढरीत त्याचं घर, गावकीत त्याचा मान. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. त्याला पिढीजात हक्क नाही, गावकीत मान कमी. मुलं हे पाठ करून लिहायची आणि विसरायची. मला मात्र ही यादी हातात घेतल्यावर तो धडा परत आठवला.

आपल्या भागात उपऱ्याशिवाय गाव वसलेलंच नाही. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, त्यांची गढी आजही इंदापुरात दाखवतात. लढाया आणि दुष्काळ यांनी गावे ओस पडत. ती पुन्हा वसवायची तर येणाऱ्याला कौल द्यावा लागे. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल थोडा थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. येणाऱ्याला आधी पाय रोवू द्यावे, मग त्याच्याकडून पूर्ण सारा मागावा, इतका साधा हिशेब त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होता.

बारामतीची ओळख ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर झाली ते मोरोपंतही इथले नव्हेत. मोरोपंत रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ चा, पन्हाळगडावरचा. मूळ घराणं कोकणातलं. पन्हाळ्यावर पाध्ये बंधूंकडे त्यांचं शिक्षण झालं. वडील रामजीपंत बारामतीला नाईकांच्या पदरी आले आणि पाठोपाठ मोरोपंतही आले. बाबूजी नाईक म्हणजे मोठे सावकार, पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या भावाला बाळाजी विश्वनाथांची लेक भिऊबाई दिलेली. कऱ्हेकाठच्या नाईकांच्या वाड्यात पंतांनी पुराण सांगितलं, मुलांना शिकवलं आणि सारं आयुष्य इथेच काढलं. १७९४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही बारामतीतच. 'केकावली' लिहिणारा कवी आपला म्हणून आपण मिरवतो. पण तो आला तेव्हा नोकरीसाठी घर बदलून आलेल्या कुटुंबातला एक तरुण होता. त्याला बारामतीत तीन गोष्टी मिळाल्या: हाताला काम, डोक्यावर छप्पर आणि त्याच्या विद्येची कदर करणारी माणसं. मुलांना घेऊन गाव बदलणारा आजही याच तीन गोष्टी शोधतो.

इतिहास गोडगोडच सांगायचा नसतो. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, कुणबी कर्जात बुडाला होता. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. राग कर्जाचा होता, आणि तो खराही होता. सरकारला पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पण रोख मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजर सावकारांवर होता, हेही खरं. अडचण आली की बोट पहिलं बाहेरच्याकडे जातं, ही गोष्ट मी वर्गात सांगताना मुलं गप्प व्हायची.

त्या पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. भीमथडी आणि इंदापूर अक्षरशः होरपळले. त्याच दुष्काळी कामातून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ पासून पाणी वाहू लागलं. पुरंदर, बारामती, इंदापूर असा हा कालवा जातो. आज आपल्या बारामतीच्या मध्यातून वाहतो तोच. पण पाणी आलं म्हणून ऊस आपोआप आला नाही. ऊस हे कष्टाचं, भांडवलाचं आणि माहितगाराचं पीक. ती माहितगारी घेऊन आले सासवडचे माळी. कालव्याच्या कडेने जमिनी खंडाने घेत, बायकामुलांसह पालं-खोपटी टाकत ते खाली खाली सरकत गेले. बांधणी कशी करायची, खत किती टाकायचं, गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ कसा राखायचा, हे इथल्या शेतकऱ्याने त्यांच्या शेजारी राहून शिकून घेतलं. १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली आणि इथल्या गुळाला बाजार जवळ आला. पुढे याच सासवड माळ्यांनी नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात १९३२ मध्ये माळीनगर वसवलं, स्वतःचा साखर कारखाना काढला. खंडकरी म्हणजे आजच्या भाषेत भाडेकरूच! बागायती बारामतीची घडी बसवण्यात या भाडेकरूंचा मोठा हात आहे.

आता थोडं स्वतःचं सांगते. माझं बालपण वालचंदनगरला गेलं. इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. पुढे तिथे कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली. माझे वडील तिथे फिटर. क्वार्टर्सची रांग, समोर कडुलिंब, भोंगा झाला की सगळ्यांच्या चुली एकदम पेटायच्या. शाळा, दवाखाना, बाजार सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारी कानडी, तेलुगू, उत्तरेकडची घरं. मुलांना ते बाहेरचे आहेत हे कधी कळलंच नाही. फक्त कुठल्याही कंपनीच्या वसाहतीत असतं तसं एक होतं. निवृत्ती आली की क्वार्टर सोडायची. वडील निवृत्त झाले त्या वर्षी आईने भिंतीवरच्या आमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या नाहीत, तशाच ठेवल्या.

आईचं माहेर भीमाकाठचं. उजनी धरणात गेलं. १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला आता लोक गाड्या करून जातात. आई कधी गेली नाही. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये झाला, धरणाचं काम त्याच्या आधीच सुरू झालेलं. आजोबांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. पण जुन्या आळीत भिंतीला भिंत लागून असलेली घरं नव्या ठिकाणी विखुरली. आई म्हणायची, "जागा दिली गं सरकारनं. पण शेजार कुठून देणार?"

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी २००१ साली या सोसायटीत आले. यजमानांना बारामती एमआयडीसीत काम मिळालं होतं. माझी शाळा इंदापूर तालुक्यात, रोज एसटीने जाऊन-येऊन. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. आम्ही तीन ठिकाणी घरं पाहिली. एजंट दुपारी घर दाखवायचा. मी तिन्ही ठिकाणी परत गेले ती संध्याकाळी सहा वाजता, एकटी. पहिल्या ठिकाणी खोल्या मोठ्या होत्या, पण खाली एकही मूल नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मुलं होती, पण शाळेला जायला मोठा रस्ता ओलांडावा लागत होता आणि उसाच्या ट्रॉल्या भरधाव जात होत्या. इथे आले तेव्हा प्लास्टर अर्धंच होतं, पाणी एक दिवसाआड. पण मागच्या मोकळ्या जागेत विटांचे स्टंप लावून पोरं खेळत होती आणि एक आजी कट्ट्यावर बसून सगळ्यांवर ओरडत होत्या. त्यांनी मला विचारलं, "कुणाकडं आलीस गं?" मी म्हटलं, घर बघायला. "मग बघ की, उभी का? चहा घे आधी." घर मी त्याच कट्ट्यावर पसंत केलं. यजमानांना फरशी आवडली नव्हती, ते आजतागायत सांगतात.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हा सगळा प्रपंच.

पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी माझी एसटी ओढ्याला पाणी आल्यामुळे वाटेत अडकली. यजमान दुसऱ्या पाळीला. मोबाईल आमच्याकडे नव्हता. मी रात्री साडेदहाला चिंब होऊन पोचले तेव्हा दाराला कुलूप तसंच. काळजाचं पाणी झालं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली. दोन्ही मुलं वरणभात खाऊन झोपली होती. लातूरकडची एक बाई, तिचा नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामावर, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहत होती. तिची-माझी तोवर जिन्यात हसण्यापुरती ओळख. ती म्हणाली, "ताई, लेकरं दारात बसलेली बघून मी विचारलं बी नाही कुणाची हायत."

करार संपला, ते कुटुंब गेलं. कुठे गेलं मला माहीत नाही. या स्मरणिकेसाठी सभासदांची यादी झाली, माजी पदाधिकाऱ्यांची झाली, देणगीदारांची झाली. तिचं नाव कुठल्याच यादीत बसत नाही.

आणि मी? काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ठराव आला, की मागच्या जागेतला झोपाळा आणि बॅडमिंटनची जाळी फक्त सभासदांच्या मुलांसाठी. भाडेकरूंची मुलं दंगा करतात, मोडतोड करतात, असं कारण. ठराव हात वर करून मंजूर झाला. वर गेलेल्या हातांत माझाही हात होता. कंटाळले होते, घरी जायची घाई होती, वाद नको होता. इतिवृत्ताच्या वहीत तो ठराव आहे, खाली 'एकमताने' असा शेरा आहे. परवा वही चाळताना तो वाचला आणि मला माझाच मिरासदारांचा धडा आठवला.

सहकारी गृहनिर्माणाचा इतिहासही आपण आठवावा. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी त्यातले पुढारी. नोकरीसाठी दूर कानडा जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या कुटुंबांना परवडणारी जागा मिळत नव्हती, म्हणून ती निघाली. आपली नोंदणी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली झाली, पण मूळ गरज तीच आहे. परगावी आलेल्यांनी एकमेकांना दिलेला आधार म्हणजे सोसायटी. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क घेता येतं. २००१ च्या शासन आदेशाने त्यालाही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण ते घरमालकाकडून घ्यायचं असतं, पोराच्या झोपाळ्याकडून नाही.

आज आपल्या बत्तीसपैकी अकरा सदनिकांत भाडेकरू आहेत. कुणाचे आईवडील टेक्स्टाईल पार्कात कामाला, कुणाची मुलं विद्या प्रतिष्ठानात शिकायला आलेली. या घरांतल्या आयाही संध्याकाळी सहा वाजता गॅलरीतून खाली बघत असतील. माझ्या मुलीला इथे जे मिळालं ते त्यांच्या मुलांना मिळेल का, याचा अंदाज घेत असतील. माझी मुलगी आता पुण्यात भाड्याने राहते, तिला चार वर्षांचा मुलगा आहे. तिच्या सोसायटीच्या बागेत त्याला कुणी थांबवू नये, असं मला वाटतं. मग इथे मी काय केलं?

तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या सभेत मी एक विषय लेखी दिला आहे. खेळाच्या जागेचा तो ठराव रद्द करावा. आणि स्मरणिकेच्या शेवटी एक पान आणखी जोडावं: गेल्या पंचवीस वर्षांत इथे भाड्याने राहून गेलेल्या कुटुंबांची नावं, ज्यांना जी आठवतील ती. वही माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी सहानंतर मी मागच्या कट्ट्यावर असते. येऊन सांगा, मी लिहून घेते. वरच्या मजल्यावरच्या त्या लातूरच्या ताईंचं आडनाव कुणाला आठवत असेल तर तेही सांगा. पहिली ओळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे.